प्रशासकाशी संपर्क साधा

"या सोसायटीचा प्रशासक कोण आहे?"

कादंबरीने हा प्रश्न विचारला आणि कोथरूडच्या सुखनिवास सहकारी गृहरचना संस्थेच्या वार्षिक सभेत पहिल्यांदाच पंख्याचा आवाज ऐकू आला.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तोंड तिचं होतं, पण डेअर तिच्या मैत्रिणींचं, अरिबा आणि सलोनीचं. तळमजल्यावरच्या अभ्यासिकेतला कंप्यूटर हल्ली कुठलीही फाइल उघडायला गेलं की एक चौकट दाखवायचा : 'ही प्रणाली आता सुरक्षित नाही. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.' तिघींनी संपर्क साधायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, मला फक्त गेटचं विचारा. कादंबरीचे बाबा, आमोद वर्तक, हे सोसायटीचे सेक्रेटरी, ते म्हणाले, "नंतर बघू." बाबांच्या 'नंतर'ला कॅलेंडरमध्ये जागा नसते, हे कादंबरीला बालवाडीपासून माहीत होतं. तेव्हा सलोनी म्हणाली, "हिंमत असेल तर सभेत उभी राहून विचार." आणि अरिबा म्हणाली, "ही? ही वर्गात 'मे आय कम इन'सुद्धा मनातल्या मनात म्हणते."

बस. हे वाक्य अरिबाने म्हणायला नको होतं.

आता, ज्यांना सोसायटीत राहण्याचा अनुभव नाही (असे भाग्यवान पुण्यात फार उरलेले नाहीत), त्यांच्यासाठी सांगायला हवं की सोसायटीच्या सभेत 'प्रशासक' हा शब्द उच्चारणं म्हणजे साखरपुड्यात 'घटस्फोट' म्हणण्यासारखं आहे. कमिटीने घोळ घातला की उपनिबंधक कमिटी बरखास्त करतात आणि एक सरकारी माणूस आणून बसवतात. तो प्रशासक. सुखनिवासमध्ये पोपटराव शितोळे, म्हणजे एकेकाळचे खजिनदार आणि आताचे पूर्णवेळ विरोधी पक्ष, प्रत्येक सभेत "प्रशासक आणीन!" म्हणून दम द्यायचे. आणि कादंबरीच्या जन्माआधीपासून अध्यक्ष असलेले दिगंबरकाका खांबेटे प्रत्येक सभेत तो दम पाण्याबरोबर गिळायचे.

या वेळी ते पाणी प्यायचंही विसरले.

"कोणी आणला?" दिगंबरकाकांनी विचारलं. "प्रशासक कोणी आणला?"

पोपटराव ताडकन उठले. "मी अजून आणलेला नाही! पण मुलीला बोलू द्या. लहान पोरांनासुद्धा दिसायला लागलंय इथे काय चाललंय ते!"

"आमोद, तुमची मुलगी उपनिबंधकांकडे जाऊन आली का?"

"अहो, ती कोपऱ्यावर पेन आणायला गेली तरी विचारून जाते," बाबा म्हणाले आणि खुर्चीत मावतील तेवढे लहान झाले.

"काका, कंप्यूटरचा!" कादंबरी ओरडली. "कंप्यूटरचा प्रशासक! अॅडमिनिस्ट्रेटर!"

सभेने सोडलेल्या सुस्काऱ्याने पहिल्या रांगेतली अजेंड्याची पानं हलली. पोपटराव निराश होऊन खाली बसले.

"तो होय," दिगंबरकाका आता एकदम उदार झाले. "त्याची काळजी नको. विषय क्रमांक नऊ. तो संगणक भंगारात काढायचा आहे. त्याच्या प्रणालीचा कंपनीने आधार काढून घेतला, आणि नवी प्रणाली त्या यंत्राला झेपत नाही. खोली मोकळी झाली की तिथे गणपतीचं मखर ठेवता येईल. पावसात भिजतं बिचारं."

मखर! म्हणजे अभ्यासिका बंद! कादंबरीने मागे पाहिलं. अरिबाने दोन्ही हात डोक्याला लावले होते. तिच्या घरी पाच माणसं आणि एक टीव्ही. ती जे काही मार्क मिळवायची ते त्या खोलीत बसून. सलोनीची आई घरी गाण्याच्या शिकवण्या घ्यायची, त्यामुळे सलोनीला भूगोल फक्त भूप रागात आठवायचा. आणि कादंबरीने तर शाळेसाठी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम त्याच कंप्यूटरवर चालवला होता.

ती अजून उभीच होती. उभ्या माणसाला बोलणं सोपं जातं, हा शोध तिला त्याच क्षणी लागला.

"भंगारात नका काढू! मशीन ठणठणीत आहे. फक्त त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची. लिनक्स टाकायची. मी टाकते. फुकट असते!"

'फुकट' या शब्दावर सभेचे सरळ दोन तट पडले. अर्ध्यांना संशय आला, अर्ध्यांना आदर वाटला.

"आणि माझं खातं?" पहिल्या रांगेतून गोदाबाई म्हणाल्या. गोदाबाई सोसायटीतल्या सर्वांत ज्येष्ठ सभासद. दुपारी पोरं शाळेत असताना त्या अभ्यासिकेत येऊन कंप्यूटरवर पत्ते लावत. "माझा डाव अर्धवट आहे. इस्पिकचा राजा अडकलाय. त्याला हात लावायचा नाही."

"माझंही खातं आहे त्यात," पोपटराव पुन्हा उठले. "खजिनदार असताना दिलेलं. राजीनामा मी पदाचा दिला होता, खात्याचा नाही. ते गेलं तर मात्र मी खरंच उपनिबंधकांकडे जाईन."

"आणि माझ्या सूचना?" दिगंबरकाकांचा आवाज पहिल्यांदा हळवा झाला. सोसायटीच्या फलकावर लागणारी प्रत्येक सूचना काका स्वतः मराठीत टाइप करत. त्यांच्या खात्यात त्या सगळ्या जपून ठेवलेल्या होत्या.

शेवटी ठराव झाला, तो असा : कु. कादंबरी वर्तक यांनी स्वखुशीने प्रणाली बदलावी. सर्व खातेदारांची खाती जशीच्या तशी राहावीत. पुढच्या रविवारी विशेष सभेत तपासणी होईल, आणि एकही खातं गहाळ झाल्यास संगणक भंगारात व खोली मखराला.

टाळ्या वाजल्या. बाबा सोडून सगळ्यांनी वाजवल्या. ते इतिवृत्त लिहीत होते, आणि त्यात मुलीच्या नावामागे 'स्वखुशीने' लिहिताना त्यांचं पेन अडखळत होतं.

*

ठराव झाला म्हणजे काम सुरू झालं, असं वाटत असेल तर तुम्ही कमिटीत कधी नव्हता.

"तीन कोटेशनं लागतील," दुसऱ्या दिवशी दिगंबरकाका म्हणाले.

"पण काका, ते फुकट आहे."

"मग तीन ठिकाणचं फुकट आणा. नियम म्हणजे नियम."

लिनक्स एकाच जातीचं नसतं, ही कादंबरीच्या दृष्टीने केवढी भाग्याची गोष्ट! तिने तीन वेगवेगळ्या प्रकारांची नावं तीन कागदांवर लिहिली, खाली 'किंमत : शून्य रुपये फक्त' असं लिहिलं आणि सह्या करून दिल्या. काकांनी चष्मा चढवून तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पुढूनमागून पाहिले आणि विचारलं,

"यातलं सर्वांत स्वस्त कोणतं?"

कादंबरीने मधलं दाखवलं. ते मान्य झालं.

मग सल्ले सुरू झाले. जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, जो भेटेल तो कंप्यूटरचा डॉक्टर. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं की आधी आतली धूळ हेअर ड्रायरने उडव, पन्नास टक्के रोग तिथेच बरे होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या तनुजाकाकूंचा भाचा परदेशात याच लाइनमध्ये होता. त्याने म्हणे व्हिडिओ कॉलवर कंप्यूटर बघायला मागितला होता आणि बघून फक्त "बापरे" म्हणून फोन ठेवला होता. एकांनी अमावास्या टाळायला सांगितली. आणि आई, नीरजा वर्तक, बँकेतून दमून आलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "सगळ्या सोसायटीची खाती न हरवता नेणार आहेस ना? मग तुझा दुसरा मोजा तेवढा शोधून दाखव."

हे मात्र अगदी वर्मी लागलं. कारण मोजा खरंच सापडत नव्हता.

पण गोदाबाईंना समजावताना तिला जे सुचलं, त्याचा तिला स्वतःलाच इतका आनंद झाला की ती नंतर ते सगळ्यांना सांगत सुटली.

"आजी, ही रिडेव्हलपमेंट आहे," ती म्हणाली. "जुनी इमारत पाडायची. त्याआधी प्रत्येकाचं सामान तात्पुरतं भाड्याच्या घरात, म्हणजे या छोट्या डिस्कवर, हलवायचं. मग त्याच जागेवर नवी इमारत बांधायची आणि प्रत्येकाला त्याच्याच नावाचा फ्लॅट, त्याच्याच सामानासकट परत द्यायचा."

गोदाबाईंना लगेच कळलं. पुण्यात हे कळायला कंप्यूटर यावा लागत नाही.

"बिल्डर कोण?"

"मी."

त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पळून नाही ना जाणार?"

अडचण फक्त एकच होती. सामान हलवायला सगळ्यांच्या फ्लॅटची किल्ली लागते, आणि ती असते प्रशासकाकडे. तेव्हा पुन्हा तोच प्रश्न : प्रशासक कोण? बाबांनी जुने फोन नंबर चाळून काढले आणि शोध लागला. कंप्यूटर पहिल्यांदा बसवला तो सोसायटीचे तेव्हाचे मॅनेजर साईनाथ यांनी. आता त्यांचं हडपसरला मोबाइलचं दुकान होतं. कादंबरीने फोन केला. पासवर्डचं नाव काढताच साईनाथ म्हणाले, "फोनवर नको. प्रत्यक्ष ये."

तिघी शाळेतून परस्पर निघाल्या. स्वारगेटला बस बदलायची, हे सलोनीने इतक्या वेळा बजावलं की बोलता बोलता स्वारगेट मागे पडलं आणि पुढच्या स्टॉपवरून उलट चालत यावं लागलं. हडपसरच्या दुकानात साईनाथांनी आधी त्यांना लिंबू सरबत पाजलं, गिऱ्हाईक जाऊ दिलं, शटर अर्धं ओढलं आणि कादंबरीच्या कानात पासवर्ड सांगितला.

तो पासवर्ड होता : 'खांबेटेजातनाही'. इंग्रजी अक्षरांत, सलग.

"त्या दिवशी त्यांनी माझी रजा नामंजूर केली होती गं," साईनाथ लाजून म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

परतीच्या बसमध्ये तिघी इतक्या हसल्या की कंडक्टरने विचारलं, तिकिटात काही चुकलंय का.

*

शनिवारी दुपारी अभ्यासिकेत रिडेव्हलपमेंट सुरू झाली. कादंबरीला एकांत हवा होता. एकांत सोसायटीत मिळत नसल्यामुळे तिला दिगंबरकाका मिळाले, दिगंबरकाका काही गडबड करत नाहीत ना हे बघायला पोपटराव मिळाले, आणि गोदाबाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. बाबा दारात उभे होते, आत येऊ की नको अशा बेताने.

कादंबरीने प्रशासकाचा पासवर्ड टाइप केला. पडद्यावर नुसते ठिपके उमटले.

"काय टाइप केलंस?" दिगंबरकाकांनी विचारलं. "इतिवृत्तात नोंद लागेल."

"काका, पासवर्ड सांगत नसतात."

"मी अध्यक्ष आहे."

कादंबरीचे कान गरम झाले. सलोनी एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. "काका... त्यात तुमचं नाव आहे."

काकांचा चेहरा उजळला. "माझं? साईनाथने?" ते पोपटरावांकडे वळले. "बघा. काही लोक अजून आठवण ठेवतात."

सामान हलायला लागलं. एकेका खात्याच्या फाइली डिस्कवर जाताना पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. मग तिने लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. मशीन पुन्हा सुरू झालं, आणि एक चौकट आली. ती काकांनी मोठ्याने वाचली.

"'या डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल.' सर्व?"

"सर्व."

"म्हणजे काही म्हणजे काहीच उरणार नाही?"

"जुनी इमारत पाडल्याशिवाय नवी कशी बांधायची, खांबेटे?" गोदाबाई म्हणाल्या. "दाब गं मुली."

तिने दाबलं. आणि मग इतकं सगळं सरळ होत गेलं की पोपटरावांना कंटाळा यायला लागला. नवी प्रणाली आली. कादंबरीने एकेकाचं खातं त्याच नावाने पुन्हा उघडलं, त्याचं सामान त्यात ठेवलं आणि प्रत्येकाला नवा पासवर्ड कानात सांगायला बोलावलं. गोदाबाईंनी तो कानातच सांगितला, पण इतक्या जोरात की वॉचमनने गेटवरून विचारलं, "आजी, हाक मारली का?"

नवा पडदा! झकास निळा, आणि त्यावर ओळीने सगळी नावं! अरिबाने उडी मारली. आपल्या गणिताच्या फाइली जशाच्या तशा बघून तिने दुसरी उडी मारली. पोपटरावांनी त्यांचं खातं उघडलं. आत एकच फाइल होती, त्यांचा राजीनामा. त्यांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा वाचली आणि म्हणाले, "आहे. भाषा चांगली होती माझी." गोदाबाईंनी पत्ते उघडले. "हा डाव माझा नाही," त्यांनी तक्रार केली. मग दोन पत्ते हलवले, थांबल्या, आणि हळूच म्हणाल्या, "यात राजा निघाला. राहू दे हा."

आता फक्त दिगंबरकाका उरले. काका खुर्चीत बसले, बाही सावरली आणि 'सूचना' नावाचा फोल्डर उघडला. सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. त्यांनी पहिली उघडली.

पडद्यावर आलं : dkgh lHkkln

आणि पुढे पानभर तसंच. इंग्रजी अक्षरं, मधे स्वल्पविराम, एका ठिकाणी तर चक्क आकाशातून पडल्यासारखं टक्क्याचं चिन्ह. काकांनी दुसरी फाइल उघडली. तेच. तिसरी. तेच.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं. आवाज चढवून विचारलं असतं तर कादंबरीला परवडलं असतं.

"फाइल आहे काका... पण..."

"ही माझी सूचना नाही. माझ्या सूचनेत मराठी होतं."

पोपटरावांना आतून आनंद झाला होता. तो दाबून ठेवण्याचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही. "खातं गहाळ! ठराव स्पष्ट आहे. उद्या सभेत मखर."

अरिबाने गणिताची वही बॅगेत टाकली. दारातून बाबा म्हणाले, "कादंबरी, राहू दे बाळ. मी बोलतो सगळ्यांशी." बाबांच्या त्या 'राहू दे'मध्ये एवढी माया होती की तिला रडू यायला लागलं.

"केवढ्या सूचना होत्या," दिगंबरकाका पडद्याकडे बघत पुटपुटले. "पहिली कोणती होती बरं... दुचाकीची..."

"'काही सभासद आपली दुचाकी अशी लावतात, जणू ती परत न्यायचीच नाही,'" पोपटराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"काय बघताय? पाठ आहे मला. माझ्यावरच होती ती." पोपटराव आता थांबेनात. "दुसरी, 'काही सभासदांच्या कुंडीतले पाणी खालच्या मजल्यावर चहात पडते. साखर कृपया वेगळी पाठवावी.' माझी कुंडी. तिसरी, 'काही सभासद सभेत दोनदा बोलतात. ऐकणारे एकदाच जन्माला येतात.' एकूण एक 'काही सभासद' म्हणजे मी! इतकी वर्षं रोज फलकासमोर उभा राहून वाचल्यात."

दिगंबरकाकांचे डोळे पाणावले. आयुष्यात एवढा मन लावून वाचणारा वाचक आपल्याला लाभला होता, आणि तो पोपटराव होता.

पण कादंबरीचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. ती पडद्याजवळ नाक नेऊन उभी होती.

"पोपटकाका, तीनही सूचनांची सुरुवात 'काही सभासद'नेच होते?"

"सगळ्यांची होते. हेच तर माझं म्हणणं आहे."

"बघा! तीनही फाइलींची सुरुवात एकच आहे. dkgh lHkkln. दिसायला कचरा, पण प्रत्येक वेळी तोच कचरा!" तिचा आवाज चढायला लागला. "'काही'मध्ये काना दुसरा येतो. इथे दुसरं अक्षर k. 'सभासद'मध्ये 'भा'ला काना, तिथेही k! आणि शेवटचा 'द', तो इथे n. काका, पहिल्या सूचनेत पुढे काय आहे? 'काही सभासद आपली...'"

"दुचाकी."

"'दुचाकी'ची सुरुवात 'द'ने. बघा, तिसऱ्या शब्दानंतर, nqpkdh. n! n आहे! आणि चा-चा काना k! आणि 'की' म्हणजे dh, 'काही'चा क पण d च होता!"

ती नाचायलाच लागली. "सूचना गेल्या नाहीयेत! एक अक्षर हललेलं नाही! मजकूर तोच आहे, फक्त त्याचे कपडे गेलेत!"

"कपडे?" गोदाबाईंनी पदर सावरला.

"फाँट!" अरिबा किंचाळली. वही पुन्हा बाहेर आली. "अगं, अम्मीच्या छापखान्यात एकदा एका लग्नपत्रिकेवर नवरदेवाचं नाव असंच आलेलं! जुने मराठी फाँट असेच असतात. आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठी मुखवटा. फाँट नसला की मुखवटा गळतो!"

तेव्हा कादंबरीला आपली चूक कळली, आणि ती कपाळावर हात मारून हसायला लागली. तिने सगळ्या फ्लॅटमधलं सामान हलवलं होतं, पण पाण्याची टाकी जुन्या गच्चीवरच राहिली होती. फाँट कुणा एकाच्या खात्यात नसतो. तो सगळ्यांचा म्हणून बाजूला ठेवलेला असतो, आणि ती बाजू तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती.

अरिबाने अम्मीला फोन लावला. यास्मिनकाकूंचं भवानी पेठेत लग्नपत्रिकांचं दुकान होतं. पडद्याचा फोटो बघितल्याबरोबर त्या फोनवर ओरडल्या, "अगं, हा तर माझा जुना फाँट! याच फाँटमध्ये मी अर्ध्या पुण्याची लग्नं लावलीत!" त्यांनी तो लगेच पाठवला. मग, फोन स्पीकरवर आहे हे माहीत असूनही, म्हणाल्या, "खांबेटेसाहेब, तुमच्या सूचना आणि माझ्या पत्रिका एकाच फाँटमध्ये होत्या होय? तरीच त्यातली काही लग्नं टिकली नाहीत."

कादंबरीने फाँट बसवला. फाइल बंद केली. डोळे मिटले. फाइल उघडली.

'काही सभासद आपली दुचाकी अशी लावतात, जणू ती परत न्यायचीच नाही.'

अरिबाची तिसरी उडी सर्वांत उंच होती. सलोनीने कादंबरीला आणि कादंबरीने चुकून दिगंबरकाकांना मिठी मारली. काकांनी ती खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून सहन केली. मग ते आणि पोपटराव शेजारी शेजारी बसून एकेक सूचना तपासायला लागले. पोपटराव आधी म्हणून दाखवायचे, मग काका फाइल उघडायचे. एकाच ठिकाणी चूक निघाली, ती स्वल्पविरामाची, आणि ती पोपटरावांनी मान्य केली नाही.

*

रविवारच्या विशेष सभेत खाती पास झाली. गोदाबाईंनी दोन्ही हात वर करून मत दिलं. पण दिगंबरकाका ते दिगंबरकाकाच. "संगणक राहील, खोली राहील," ते म्हणाले. "मात्र रोज संध्याकाळी तिथे कोणीतरी जबाबदार बसलं पाहिजे. किल्ली वाऱ्यावर सोडता येणार नाही. कोण घेतं?" सगळी सभा आपापल्या चपलांकडे बघायला लागली. पोपटरावसुद्धा बघायला लागले.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर कादंबरीने ताटाशेजारी एक किल्ली ठेवली.

"ही कुठली?" आईने विचारलं.

"अभ्यासिकेची. सभा संपल्यावर काकांकडून मी घेतली. रोज सहा ते आठ मी खाली बसणार. शनिवार-रविवार सकाळीसुद्धा. गोदाबाईंना मेल शिकायचाय, पोपटकाकांना आत्मचरित्र टाइप करायचंय, आणि अरिबाची चाचणी आहे. माझा अभ्यास मी तिथेच करीन."

"शनिवार-रविवार सकाळी?" आईची पोळी ताटावरच थांबली. "अगं, तेव्हा तुझा व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास असतो!"

चारचौघांत मुलीच्या तोंडून शब्द फुटावा म्हणून आई-बाबांनी फार विचार करून लावलेला क्लास होता तो.

"तो सोडला. सरांना फोन करून कळवलंसुद्धा. ते म्हणाले, एवढं सलग बोलताना त्यांनी मला पहिल्यांदाच ऐकलं."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आमटीकडे पाहिलं.

"कादंबरी," बाबा शेवटी म्हणाले, "असं काही ठरवायच्या आधी आम्हाला विचारायचं असतं."

"विचारत नाहीये, बाबा," कादंबरी म्हणाली आणि किल्ली खिशात टाकली. "सांगतेय."